जिल्ह्याला लागणारी माणसं

त्या वर्षी हळदीच्या काढणीपासून उन्हं तापेपर्यंत मी एकच प्रश्न विचारत जिल्हाभर फिरले. "येत्या पाच वर्षांत तुम्हाला कोणतं काम येणारी माणसं लागतील?" जिल्ह्याचा कौशल्य आराखडा तयार करायचा होता. पुढं कोणत्या कामाला माणसं लागणार ते आधी हुडकायचं आणि त्याप्रमाणं आयटीआयमध्ये, कॉलेजांत अभ्यासक्रम सुरू करायचे, म्हणजे शिकलेलं पोर रिकामं बसणार नाही, अशी त्यामागची कल्पना. मी अर्थशास्त्रात एम. ए. झालेली, कंत्राटावर घेतलेली. सासर हिंगोलीत. सकाळी डबा भरायचा, मिळेल ती एसटी धरायची आणि दुकानदार, कारखानदार, दवाखानेवाले यांच्यासमोर जाऊन बसायचं.

वसमतला एका हळदीच्या व्यापाऱ्यानं माझा प्रश्न पुरता होऊ दिला नाही. "ताई, पाच वर्षांचं ऱ्हाऊ द्या. उद्या सकाळी पॉलिशच्या ड्रमजवळ उभा ऱ्हाणारा एक माणूस द्या. इथली पोरं पुण्याला जाऊन दुसऱ्याच्या मशीनजवळ उभी ऱ्हातात, माझ्या न्हाई." त्याच्या अंगावर, भुवयांवर, मोबाइलवर पिवळी धूळ बसलेली होती. मी लिहून घेतलं.

नरसीला मंदिराच्या रस्त्यावर एक बाई चहा-फराळाचं दुकान चालवायची. खरं तर एवढ्या लहान दुकानात विचारायची गरज नव्हती, पण मी चहा प्यायला बसले आणि सवयीनं विचारून गेले. तिनं गाळणी आपटून चहापत्ती टाकली आणि म्हणाली, "कामाला बाई न्हाई लागत मला. माझी पोरगी चाकणला कंपनीत हाय. ती परत येती का, एवढं लिव्हा तुमच्या कागदात."

तसा रकाना माझ्याजवळ नव्हता. पण ती बाई जे बोलली ते माझ्याच मनातलं होतं. मलाही एक माणूस परत हवं होतं. माझी धाकटी बहीण.

आम्ही कळमनुरीच्या. वडील शाळेत लिपिक होते. आम्ही दोघीच बहिणी, आणि धाकटीला घरात सगळे बारकीच म्हणायचे. घरामागं मोरीजवळ कपडे धुवायचा मोठा दगड होता. रविवारी मी कपडे घासायचे, बारकी पिळायची आणि आठवडाभराचं सगळं त्या दगडापाशी बोलून व्हायचं. कोण काय म्हणालं, कोणाचा राग आला, कोणत्या पेपरात काय चुकलं. बारकी बोलता बोलता पिळायची विसरायची आणि तिच्या हातातल्या ओढणीतून पाणी गळत राहायचं. आई आतून ओरडायची, "वाळायचे हायत का न्हाई कपडे आज?"

ती बारावीला होती तेव्हा कॉलेजात करिअर मार्गदर्शनाचं शिबिर झालं. मी तेव्हा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, तिच्या शेजारीच जाऊन बसले. बाहेरून आलेल्या एका सरांनी पडद्यावर रेषा दाखवल्या. सगळ्या रेषा वर जाणाऱ्या. आरोग्य क्षेत्रात तंत्रज्ञांची प्रचंड मागणी येणार, आता शिकून ठेवाल तर नोकरी तुमच्या मागं येईल, असं ते म्हणाले. बारकीनं हात वर केला.

"सर, कुठं?"

"कुठं म्हणजे?"

"मागणी कुठं येणार? आमच्याकडं का दुसरीकडं?"

पोरं हसली. सरही हसले आणि म्हणाले, "सगळीकडं." बारकी खाली बसली. मला म्हणाली, "ताई, सगळीकडं म्हंजे आपल्याकडं पण आलं की."

डॉक्टरकीइतके गुण तिला पडले नाहीत. बाबांनी चार जणांना विचारलं आणि तिला संभाजीनगरला डायलिसिस तंत्रज्ञाच्या कोर्सला घातलं. किडनी काम करत नाही अशा माणसाचं रक्त मशीनमधून काढून, साफ करून परत अंगात सोडायचं, हे तिचं काम. आईला ते पुष्कळ दिवस कळलं नाही. ती शेजारणींना सांगायची, "रक्त धुती माझी पोरगी." बारकीला ते फार आवडायचं.

कोर्स झाला तेव्हा आमच्या जिल्ह्यात तिला कामाला घेईल असं एकही ठिकाण आम्हाला सापडलं नाही. मागणी आली होती, पण शहरांत. हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात तिला लगेच बोलावणं आलं. बाबा तिला नांदेडच्या स्टेशनावर सोडून आले आणि संध्याकाळी न जेवता अंगणात बसून राहिले. "नोकरी लागली म्हणून पेढे वाटायचे का न्हाई?" असं आईनं विचारलं. त्यांनी नुसती मान हलवली. पेढे वाटले गेले. आमच्या घरात मात्र कोणी खाल्ला नाही.

मग माझं लग्न झालं. बारकी दिवाळीला यायची, कधी तेवढीही नाही. यायची तेव्हा अर्धा वेळ झोपायची. फोनवर बोलणं व्हायचं, पण फोनवरचं बोलणं निराळं. जेवलीस का, बरी आहेस का, गर्मी आहे का. माहेरी गेले की मी मागच्या दारात उभी राहायचे. आईनं वॉशिंग मशीन घेतलं होतं. दगडावर आता कुंड्या ठेवलेल्या होत्या.

तर त्या पाहणीच्या दिवसांत एकदा मी माहेरी मुक्कामाला होते आणि सकाळी कळमनुरीहून नांदेडकडं जाणाऱ्या गाडीत बसले. वाटेतल्या एका दूध संकलन केंद्रात जायचं होतं. शेजारी एक बाई, तिच्या पलीकडं खिडकीशी तिचा नवरा. त्याचा डावा हात जागोजागी फुगलेला. मी ओळखलं. बारकीनं मला एकदा समजावून सांगितलं होतं की डायलिसिससाठी हाताची नस शस्त्रक्रियेनं मोठी करतात आणि मग तिथं सुया टोचतात.

"नांदेडला डायलिसिसला का?" मी विचारलं.

बाई चमकली. "तुमाला कसं कळलं?"

मग ती बोलतच राहिली. आठवड्यातून दोनदा जावं लागतं. पहाटे स्वयंपाक करून निघायचं, यायला दिवस मावळतो. येताना ह्यांना चक्कर येते, कधी उभ्यानं यावं लागतं. "पर तिथली पोरगी लई चांगली हाय. तिनं सुई टोचलेली कळत न्हाई यांना. कुठली म्हणून इचारलं तर लातूरची म्हणाली."

"माझी बहीणपण हेच काम करते," मी म्हणाले.

"व्हय? कुठं?"

"हैदराबादला."

ती नवऱ्याकडं वळून म्हणाली, "ऐकलं का? आपल्या गावची पोरगी हैदराबादला सुया टोचून राहिली, अन् आपण लातूरच्या पोरीकडून टोचून घ्यायला नांदेडला जाऊन राहिलो." नवरा हसला. त्याला हसताना त्रास होत असावा, कारण त्यानं लगेच डोळे मिटले.

त्या दिवसापासून प्रत्येक दवाखान्यात माझा प्रश्न जरा लांबला. किडनीचे पेशंट येतात का, कुठं पाठवता, इथं सोय झाली तर चालवायला माणूस मिळेल का. डॉक्टर सांगायचे, मशीन काय, पैसे टाकले की येतं. चालवणारं इथं राहत नाही. आणि चालवणारे म्हणत होते, मशीनच नाही तर राहून काय करू. हे दोघं एकमेकांना कधी भेटतच नव्हते.

आराखड्याच्या बैठकीत मी ते मांडलं. एक वरिष्ठ अधिकारी, माणूस तसे चांगले, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मॅडम, जिल्ह्याला असे तंत्रज्ञ लागणार किती?"

"सुरुवातीला दोन-तीन, सर."

"कोर्सची बॅच असते तीस जणांची. दोघा-तिघांसाठी कोर्स काढायचा का? आणि तीस शिकवले तर उरलेले कुठं जाणार?"

"जातील तिकडंच, सर. आता जातात तिकडं."

त्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही. शिलाई, वायरमन, ट्रॅक्टर दुरुस्ती यांच्या बॅचा ठरल्या. दोघा-तिघांची गरज अहवालाच्या शेवटी एका ओळीत राहिली. घरी येताना मला वाटत होतं, ते दोन-तीन म्हणजे माझ्यासाठी एकच होती, आणि ती एक ह्या सगळ्या हिशेबात कुठंच बसत नव्हती.

आमच्या अहवालामुळं झालं असं मी कधी म्हणणार नाही, पण पुढच्या वर्षी हिंगोलीत एका ठिकाणी डायलिसिसची सोय होणार अशी बातमी आली. तंत्रज्ञ हवा होता. मी त्याच मिनिटाला बारकीला फोन लावला. ती कामावर होती. संध्याकाळी तिनं उलट फोन केला आणि आनंदानं ओरडायच्या ऐवजी प्रश्न विचारायला लागली. मशीन किती? पाणी शुद्ध करायचा प्लांट कुठला? किडनीचे डॉक्टर रोज येणार का अधूनमधून?

"अगं, ते मला काय माहीत? तू ये तर."

"पगार निम्मा होईल, ताई."

"खोलीचं भाडं वाचेल. आईच्या हातचं खाशील."

मग ती म्हणाली, "येते."

ती आली. दोन बॅगा आणि एक टेबलपंखा घेऊन. आईनं दगडावरच्या कुंड्या हलवल्या. का हलवल्या, ते कोणी विचारलं नाही. बारकी कळमनुरीहून बसनं हिंगोलीला यायची, दुपारी माझ्याकडं जेवायची. माझ्या सासूबाई तिच्या ताटात भाकरीवर भाकरी वाढायच्या. रविवारी मी माहेरी जायचे आणि आम्ही वॉशिंग मशीन बंद ठेवून हातानं कपडे धुवायचो. बाबा पेपर घेऊन मुद्दाम मागच्या ओट्यावर येऊन बसायचे. आमच्याकडं बघायचे नाहीत, पण पानही उलटायचे नाहीत.

बसमधले ते नवरा-बायको आता तिच्याकडं यायला लागले. बायकोनं पहिल्याच दिवशी बारकीला विचारलं म्हणे, "तुज्या बहिणीनं सांगितलं व्हतं ती तूच का?" आणि मग नवऱ्याला म्हणाली, "आता घरी जाऊन दुपारचं जेवण हुईल तुमचं."

मला वाटलं, झालं. शिक्षण आणि काम जुळणं म्हणतात ते हेच. मी जिल्हाभर विचारत फिरले त्या प्रश्नाचं एक तरी उत्तर माझ्या घरी चालत आलं.

चार-सहा महिने गेले. एका दुपारी मी बाजारातून घरी आले तर बारकी आधीच येऊन स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. तेलुगूत. मला एक शब्द कळत नव्हता, पण ती ओट्याला टेकून पोट धरून हसत होती. ती आल्यापासून असं हसताना मी तिला ऐकलं नव्हतं. मी दारातच थांबले. फोन ठेवल्यावर तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला, तेही मी बघितलं.

"कोण होतं?"

"तिकडच्या वॉर्डातली सिस्टर. आयसीयूत नवीन मशीन आलंय, ते सांगत होती."

जेवताना ती भाकरीचे तुकडे करत राहिली. मी विचारलं, "काय झालं, बारके? काहून अशी बसलीस?"

"काही नाही."

"सांग."

"ताई, तिकडं रोज काहीतरी नवीन यायचं. कठीण पेशंट आला की मोठ्या डॉक्टरांशेजारी मी उभी असायची, ते शिकवायचे. इथं मी एकटीच आहे. पाण्याचा प्लांट बिघडला की मीच फोन करते, पेशंटचं बीपी उतरलं की मीच धावते. ते जमतं मला. पण मला शिकवणारं इथं कोणी नाही. मला भीती वाटते, मी एवढीच राहीन."

"पण तुला तर घरी यायचं होतं ना?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "मलाही तसंच वाटत होतं. इथं आल्यावर कळलं, मला सुट्टीत घरी यायचं होतं."

मला ते लागलं. "मग जा की. कोणी बांधून ठेवलंय?" असं मी तोडून बोलले आणि ताट उचलून मोरीत ठेवलं. बस चुकेल म्हणून ती निघून गेली.

त्या रविवारी मी माहेरी गेले नाही. पुढच्या रविवारी गेले तेव्हा माझ्या आधीच सगळं घरात बोलून झालं होतं. बाबा म्हणाले, "तिला तिकडं बरं वाटत असेल तर जाऊ दे. मी तिला तवा शिकायला घातली ती काय माझ्या अंगणात बसवायला न्हाई घातली." आई मात्र तिला बारीकसारीक विचारत होती. "खोलीवर ऊन येतं का गं? कपडे कुठं वाळू घालतीस?" बारकी सांगत होती, गच्चीवर दोऱ्या आहेत, केरळच्या दोन मुली सोबत असतात, त्या हिचेपण कपडे काढून आणतात. आईनं ऐकून मान डोलवली. तिला बहुतेक एवढंच पाहिजे होतं.

पण बारकी लगेच गेली नाही. "मी निघाले तर ह्या पेशंटांचं काय? परत नांदेडच्या गाडीत?" ती मला म्हणाली. सेनगाव तालुक्यातली एक मुलगी तोच कोर्स करून घरी बसली होती आणि पुण्याला निघायच्या तयारीत होती, हे मला पाहणीत ओळख झालेल्या एका डॉक्टरांकडून नुकतंच कळलं होतं. मी तिच्या गावी गेले. तिचे वडील ओसरीत सोयाबीनच्या पोत्यांना टेकून बसले होते. मी विचारलं, "हिंगोलीत काम मिळालं तर पाठवाल का?" त्यांनी मुलीकडं बघितलं. मुलगी म्हणाली, "मला तर जवळच पाहिजे होतं. पर जवळ काही हाय हेच कोणी सांगितलं न्हाई."

बारकीनं तिला आपल्या शेजारी उभं करून शिकवलं. पहिल्यांदा सुई टोचायची वेळ आली तेव्हा ती मुलगी मागं सरकली. बसमधल्या बाईच्या नवऱ्यानं स्वतः हात पुढं केला आणि म्हणाला, "टोच गं बाई. मला सवय हाय, तुला व्हायचीय." बारकी मागं हात बांधून उभी राहिली, मधे पडली नाही. तो दिवस तिनं मला सविस्तर सांगितला. कपडे धूत नव्हतो, माझ्या घरच्या पायरीवर बसलो होतो. सांगताना तिचे डोळे भरून आले होते आणि चेहरा खुललेला होता. शिकवणं तिला आवडतंय, हे मला तेव्हा कळलं.

मग ती गेली. ह्या वेळी नांदेडला मीच सोडायला गेले. गाडी हलल्यावर तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि किती तरी वेळ आत घेतला नाही.

आता सेनगावची मुलगी ते काम बघते. चांगलं बघते, असं सगळेच सांगतात. माझी नोकरी चालू आहे, आराखड्याची पुढची फेरी आली आहे, आणि मी पुन्हा एसटीनं फिरते. पण गेल्या महिन्यात चार दिवस काढून मी पहिल्यांदा हैदराबादला जाऊन आले.

बारकी ड्यूटीवर होती. मला तिनं वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसवलं. मधे काचेचा दरवाजा होता. आत मशीनची लांबच लांब रांग आणि प्रत्येकाशेजारी एक पलंग. ती एका पलंगावरून दुसऱ्याकडं जात होती, आकडे बघत होती, कोणाची उशी सरळ करत होती. दोन नव्या मुली तिच्या मागं मागं फिरत होत्या. एक म्हातारी तिचा हात सोडायला तयार नव्हती आणि तिला "अक्का, अक्का" म्हणत होती. तेलुगूत मोठ्या बहिणीला तसंच म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. आमच्या घरातली सगळ्यांत धाकटी, आणि इथं आजीच्या वयाची बाई तिला मोठी बहीण म्हणत होती. मला अभिमान वाटला. आणि त्याच वेळी असंही वाटलं, की हिचं हे रूप आमच्यातल्या कोणीच रोज बघणार नाही. आई-बाबांना तर ते कधी दिसायचंच नाही. म्हणून मी फोन काढला, काचेतून थोडं चित्रित करायला. मग परवानगी नसेल असं वाटून परत पिशवीत ठेवला.

तिला सुटायला बराच उशीर होता. मधे एकदा तिनं वळून बघितलं, बोटानं 'थोडं थांब' अशी खूण केली आणि पुढच्या पलंगाकडं गेली. मी आईनं दिलेला डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. कॉरिडॉरमधून माणसं जात होती, कोणाची भाषा कळत नव्हती. शेजारी बसलेल्या एका बाईनं खुणेनंच विचारलं, कोण आत? मी काचेकडं बोट दाखवलं आणि मराठीतच म्हणाले, "माझी बहीण." तिला शब्द कळले नसतील. तिनं वाकून काचेतून बघितलं आणि हसून मान डोलवली.